स्मार्टफोनवरील खासगी आणि कामकाजाची खाती : पृथक्करणाचे स्वरूप व मर्यादा

मराठीत ‘खाते’ हा शब्द बहुविध अर्थांनी रूढ आहे. दुकानदाराच्या वहीत गिऱ्हाइकाचे खाते असते, बँकेत ठेवीदाराचे असते, सरकारात शिक्षण खाते आणि पाटबंधारे खाते असते, आणि महसुली दप्तरात शेतकरी हा खातेदार म्हणूनच ओळखला जातो. या सर्व अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. अनेकांच्या मिश्र व्यवहारांतून एका नावाचे किंवा एका कामाचे व्यवहार निराळे काढून ते एका मथळ्याखाली मांडणे, ही ती कल्पना होय. सामाईक जमिनीची वाटणी होऊन हिस्सेदारांच्या नावे स्वतंत्र नोंदी होतात, तेव्हा त्या क्रियेस ‘खातेफोड’ असे म्हणतात. सारांश, खाते म्हणजे विभागणी. स्मार्टफोनच्या व्यवहारातही हा शब्द सहजपणे रुळला. परंतु त्याच्याबरोबर विभागणी मात्र आपोआप आली नाही. एकाच फोनवर एकाच व्यक्तीची दोन, तीन किंवा चार खाती सुखाने नांदतात, आणि त्यांपैकी कोणत्या खात्यात काय जमा होत आहे याची जाणीव त्या व्यक्तीस बहुधा नसते.

खासगी आणि सार्वजनिक यांचे हिशेब वेगळे ठेवण्याचा विचार मराठी परंपरेला अपरिचित नाही. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ असे दोन स्वतंत्र विभाग होते. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी खासगी जहागीर दिली. पुढे अहिल्याबाईंनी देशभर जी मंदिरे, घाट आणि धर्मशाळा उभारल्या, त्यांचा खर्च दौलतीच्या तिजोरीतून न करता या खासगीतून केला, असे मानले जाते. ही विभागणी इतकी स्पष्ट असूनही संस्थानांच्या विलीनीकरणानंतर खासगीची मालमत्ता नेमकी कोणाची, हा वाद उद्‌भवला, आणि या खासगीच्या विश्वस्त निधीसंबंधीचे प्रकरण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की सीमा आधी आखावी लागते. दुसरी ही, की आखलेली सीमाही परिस्थिती बदलताच वादग्रस्त होऊ शकते. स्मार्टफोनवरील खात्यांचा विचार करताना या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात.

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास या प्रश्नाकडे जाण्याची एक परिचित वाट उपलब्ध आहे. फर्ग्युसनने १९५९ मध्ये द्विभाषिकस्तराची कल्पना मांडली आणि फिशमनने १९६५ मध्ये भाषाव्यवहाराच्या क्षेत्रांची कल्पना पुढे आणली. घर, शेजार, धर्म, शाळा, कचेरी अशी व्यवहाराची क्षेत्रे असतात, आणि प्रत्येक क्षेत्रास अनुरूप अशी भाषा किंवा भाषेची धाटणी वक्ता निवडतो, असे या विवेचनाचे सार आहे. ही निवड मनुष्य बव्हंशी नकळत करतो. कारण स्थळ, वेळ आणि समोरची व्यक्ती या तिन्ही गोष्टी त्याला क्षेत्राची आठवण करून देतात. कचेरीच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य घरच्या बोलीत पत्र लिहीत नाही. स्मार्टफोनने नेमक्या या खुणाच पुसून टाकल्या. तोच पडदा, तोच कळफलक, तेच अंगठ्याचे हलणे. त्यावर क्षणापूर्वी आईस निरोप धाडलेला असतो आणि क्षणानंतर विभागप्रमुखांस. क्षेत्र बदलले हे सांगणारी बाह्य खूण उरते ती केवळ पडद्याच्या कोपऱ्यातील एका लहानशा वर्तुळात दिसणारे चित्र अथवा अक्षर.

या अवस्थेत नेमके काय घडते हे एका सामान्य उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादी संशोधक विद्यार्थिनी बोलींच्या अभ्यासासाठी गावी जाते. निवेदकाची संमती घेऊन ती आपल्या फोनवर त्याचे कथन ध्वनिमुद्रित करते, संमतीपत्राचे छायाचित्र काढते, निवेदकाचा दूरध्वनी क्रमांक जतन करते आणि सायंकाळी ध्वनिमुद्रणाचा एक तुकडा व्हॉट्सॲपवरून मार्गदर्शकांकडे पाठविते. या चार साध्या कृतींतून सामग्री निदान चार ठिकाणी गेलेली असते. ध्वनिमुद्रण फोनच्या सामाईक साठ्यात पडते, आणि त्या साठ्यात डोकावण्याची परवानगी ज्या ज्या ॲपला दिलेली असेल, त्या त्या ॲपला ते दिसू शकते. छायाचित्राचा बॅकअप तिच्या वैयक्तिक खात्याच्या क्लाउडवर आपोआप चढतो. क्रमांक तिच्या वैयक्तिक संपर्कयादीत जातो, आणि ती यादी वाचण्याची अनुमती असणाऱ्या प्रत्येक ॲपच्या हाती लागतो. व्हॉट्सॲपवरील तुकडा मार्गदर्शकांच्या फोनवर उतरून त्यांच्याही वैयक्तिक बॅकअपमध्ये सामील होण्याचा संभव असतो.

निवेदकाने संमती दिली होती ती विद्यापीठाच्या संशोधनास. विद्यार्थिनीच्या कौटुंबिक छायाचित्रांच्या शेजारी आपले संमतीपत्र राहील, किंवा तिच्या घरातील इतर माणसे वापरीत असलेल्या टॅब्लेटवर आपला आवाज उमटेल, अशी कल्पना त्याने केलेली नव्हती. येथे कोणाचाही हेतू वाईट नाही. किंबहुना कोणी काही ठरविलेलेच नाही. जे घडले ते केवळ यंत्राच्या पूर्वनिश्चित मांडणीमुळे घडले.

पूर्वीच्या क्षेत्रकार्यात हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणकाळातील ग्रामोफोनच्या तबकड्या, किंवा १९६० च्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांच्या सर्वेक्षणमालेसाठी भरलेल्या नोंदवह्या, या मूर्त वस्तू होत्या. वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असते. ती विभागाच्या कपाटात ठेवली की तिचे स्थान आणि तिची मालकी या दोन्हींचा निर्णय एकदमच होतो. आजच्या ध्वनिमुद्रणास असे एक स्थान नाही. त्याचे स्थान खाते ठरविते.

२. फोन, खाते आणि कप्पा

पृथक्करणाचा विचार करताना तीन कल्पना परस्परांपासून वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. फोन ही वस्तू होय. ती विद्यार्थ्याच्या मालकीची असेल किंवा संस्थेच्या. खाते म्हणजे दूरच्या संगणकावर नोंदलेली एक ओळख. फोन हरवला तरी ती कायम राहते. तिसरी कल्पना कप्प्याची. फोनच्या अंतर्भागात कार्यप्रणालीने राखलेली, एकमेकींत सहजी न उघडणारी दालने म्हणजे कप्पे.

बहुतेकांच्या फोनवर खाती दोन असतात, पण कप्पा एकच असतो. जीमेलमध्ये वैयक्तिक आणि विद्यापीठीय अशी दोन्ही खाती जोडलेली असतात व वापरणारा त्यांची अदलाबदल करीत असतो. ही व्यवस्था म्हणजे एकाच पेटाऱ्यात दोन रंगांचे कागद ठेवण्यासारखी आहे. रंग पाहून ते ओळखता येतात. परंतु पेटारा उघडणाऱ्यास दोन्ही मिळतात, आणि घाईत एका रंगाचा कागद दुसऱ्या गठ्ठ्यात जातो. खऱ्या पृथक्करणास दोन खात्यांबरोबर दोन कप्पेही लागतात. खाते वेगळे करणे आणि कप्पा वेगळा करणे यांतील हा भेद लक्षात न घेतल्यामुळे ‘दोन ई-मेल आहेत, म्हणजे सर्व काही वेगळे आहे’ असा गैरसमज सर्वत्र आढळतो.

३. कप्प्यांचा अल्प इतिहास

एकाच फोनवर दोन कप्पे करण्याची कल्पना उद्योगसंस्थांच्या गरजेतून निघाली. आरंभी संस्था आपल्या कर्मचाऱ्यांस स्वतःचे फोन देत असत. पुढे लोक स्वतःचे फोन कामासाठी वापरू लागले, आणि संस्थेची कागदपत्रे संस्थेच्या ताब्यात नसलेल्या यंत्रावर राहू लागली. ब्लॅकबेरी कंपनीने २०११ मध्ये ‘बॅलन्स’ या नावाने कामाची व घरची सामग्री वेगळी राखणारी योजना जाहीर केली, आणि २०१३ मध्ये आलेल्या ब्लॅकबेरी १० या प्रणालीत तिला प्रमुख स्थान दिले. त्याच वर्षी सॅमसंगने ‘नॉक्स’ ही आपली व्यवस्था पुढे आणली. गूगलने २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये ‘वर्क प्रोफाइल’ची सोय केली आणि २०१५ मध्ये ती संस्थांसाठी खुली झाली. ॲपलने २०१३ च्या आयओएस ७ मध्ये संस्थेच्या ॲपमधील दस्तऐवज वैयक्तिक ॲपमध्ये उघडण्यास प्रतिबंध करण्याची सोय दिली होती; परंतु वैयक्तिक मालकीच्या फोनसाठी कामाची सामग्री साठ्याच्या स्वतंत्र खंडात ठेवणारी पूर्ण व्यवस्था २०१९ च्या आयओएस १३ मध्ये आली.

४. अँड्रॉइडमधील रचना

अँड्रॉइड ही प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभी आहे. लिनक्स मुळात अनेकांनी एकच संगणक वापरावा अशा परिस्थितीसाठी घडविलेले असल्याने प्रत्येक वापरकर्त्यास तेथे एक क्रमांक असतो, आणि एका क्रमांकाच्या फायली दुसऱ्या क्रमांकास वाचता येत नाहीत. अँड्रॉइडने या तत्त्वाचा उपयोग कल्पकतेने केला. तेथे मनुष्याऐवजी प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक मिळतो. जणू प्रत्येक ॲप हा एक निराळा भाडेकरू असून त्याची खोली त्याच्यापुरती आहे.

वर्क प्रोफाइल तयार केली की या चाळीवर दुसरा मजला चढतो. मुख्य वापरकर्त्याचा क्रमांक ० असतो आणि कामाच्या कप्प्यास सामान्यतः १० हा क्रमांक मिळतो. ॲपचा अंतिम क्रमांक काढताना कप्प्याच्या क्रमांकास १,००,००० ने गुणून त्यात ॲपचा मूळ क्रमांक मिळविला जातो. समजा, एखाद्या ॲपचा मूळ क्रमांक १०१२३ आहे. वैयक्तिक कप्प्यात तो १०१२३ च राहतो. कामाच्या कप्प्यात मात्र त्याच ॲपचा क्रमांक १०१०१२३ होतो. प्रणालीच्या दृष्टीने ही दोन संपूर्णतः भिन्न ॲप्स होत. एकाच्या फायली, पासवर्ड आणि नोंदी दुसऱ्यास दिसत नाहीत. छायाचित्रे व ध्वनिफिती ठेवण्याचा सामाईक साठाही दोन्ही कप्प्यांसाठी निराळा असतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७.० पासून कूटबद्धतेच्या किल्ल्याही प्रत्येक कप्प्यासाठी वेगळ्या ठेवता येऊ लागल्या, आणि कामाच्या कप्प्यास स्वतंत्र कुलूप लावण्याची सोय झाली.

वापरणाऱ्यास हे सर्व दिसते ते एका साध्या खुणेतून. कामाच्या कप्प्यातील ॲपच्या चित्रावर एक छोटी बॅग असते. बॅग असलेले जीमेल विद्यापीठाचे. बॅग नसलेले घरचे. भाषाभ्यासकास ही खूण प्रत्ययासारखी वाटेल. मूळ शब्द तोच राहतो, पण प्रत्यय त्याचे वाक्यातील कार्य सांगतो. स्मार्टफोनने क्षेत्राच्या ज्या खुणा पुसल्या होत्या, त्यांपैकी एक येथे पुन्हा स्थापित झाली, असे म्हणता येईल.

कामाचा कप्पा एका स्पर्शाने थांबविता येतो. तो थांबविला की त्यातील ॲप्स चालत नाहीत आणि त्यांच्या सूचनाही येत नाहीत. पूर्वी कचेरीचे दार लावून घरी येण्यात जो अर्थ होता, त्याच्या जवळ जाणारी ही सोय होय.

५. ॲपलची पद्धत

आयफोनवर कप्पा असा डोळ्यांस दिसत नाही. संस्थेने दिलेल्या खात्याने फोन नोंदविला की संस्थेची ॲप्स आणि त्यांची सामग्री साठ्याच्या कूटबद्ध व स्वतंत्र खंडात राहते. नोंदणी रद्द होताच त्या खंडाच्या किल्ल्या नष्ट होऊन तो खंड नाहीसा होतो. एकच ॲप दोन प्रतींमध्ये ठेवण्याची अँड्रॉइडसारखी सोय येथे नाही. ‘नोट्स’सारखी काही ॲप्स दोन्ही खात्यांची सामग्री एकाच पडद्यावर, पण आतून वेगळी ठेवून दाखवितात. त्यामुळे येथे पृथक्करण साठ्याच्या पातळीवर बळकट असले, तरी नजरेच्या पातळीवर फिके आहे. २०२१ च्या आयओएस १५ मधील ‘फोकस’ या सोयीने विशिष्ट वेळी विशिष्ट ॲप्सच्या सूचना थोपविता येतात; मात्र ती सूचनांची शिस्त आहे, सामग्रीची विभागणी नव्हे.

६. संस्थेची दृष्टी कोठवर पोहोचते

या व्यवस्थेविषयी प्राध्यापकांत व विद्यार्थ्यांत एक स्वाभाविक शंका असते. ‘माझ्या फोनवर संस्थेचा कप्पा आला, तर संस्थेस माझे खासगी आयुष्यही दिसू लागेल काय?’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर फोन कोणाच्या मालकीचा व तो कोणत्या पद्धतीने नोंदविला यांवर अवलंबून आहे.

फोन वैयक्तिक मालकीचा असून त्यावर केवळ वर्क प्रोफाइल असेल, तर संस्थेच्या व्यवस्थापकास कामाच्या कप्प्यातील ॲप्स दिसतात, फोनचा प्रकार व कार्यप्रणालीची आवृत्ती कळते, आणि पडद्यास पुरेसे सुरक्षित कुलूप असावे असा आग्रह त्यास धरता येतो. वैयक्तिक कप्प्यातील ॲप्सची यादी, छायाचित्रे किंवा निरोप त्यास दिसत नाहीत. त्यास पुसता येतो तो केवळ कामाचा कप्पा. ॲपलच्या वर सांगितलेल्या पद्धतीतही संस्थेस संपूर्ण फोन पुसता येत नाही. याउलट, संस्थेने स्वतः विकत घेऊन संपूर्ण व्यवस्थापनाखाली ठेवलेल्या फोनवर तिचा अधिकार पुष्कळच व्यापक असतो. अशा फोनवर घरची खाती उघडणे म्हणजे कचेरीच्या टेबलाच्या खणात घरची पत्रे ठेवणे होय.

येथे एक व्यावहारिक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. कामाचा कप्पा नाहीसा झाला की त्यातील सर्व सामग्री नाहीशी होते. प्रबंधाची वैयक्तिक टिपणे, स्वतःचे काव्य, किंवा नोकरीचे अर्ज त्या कप्प्यात ठेवलेले असल्यास तेही जातात. पृथक्करण हे दोन्ही बाजूंनी पाळावे लागते. घराने कचेरीत शिरू नये हे जितके खरे, तितकेच कचेरीने घराची राखण करावी अशी अपेक्षा ठेवू नये हेही खरे.

७. जेथे संस्था केवळ खाते देते

पुष्कळ विद्यापीठे विद्यार्थ्यांस व अध्यापकांस ई-मेलचे खाते देतात, परंतु त्यांच्या वैयक्तिक फोनवर कप्पा निर्माण करण्याची व्यवस्था ठेवीत नाहीत. अशा ठिकाणी पृथक्करणाचा भार व्यक्तीवरच पडतो. तिच्यापुढे असलेले मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला मार्ग दुसऱ्या फोनचा. क्षेत्रकार्यासाठी विभागाने एखादा साधा फोन किंवा स्वतंत्र ध्वनिमुद्रक ठेवणे हे सर्वांत स्वच्छ होय. कारण तेथे वस्तू, खाते आणि कप्पा या तिन्हींची सीमा एकच असते.

दुसरा मार्ग स्वतःच कप्पा निर्माण करण्याचा. अँड्रॉइडवर ‘शेल्टर’ आणि ‘आयलंड’ यांसारखी ॲप्स संस्थेच्या साहाय्याविना वर्क प्रोफाइल उभारून देतात. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये ‘प्रायव्हेट स्पेस’ नावाचा वेगळे कुलूप असलेला कप्पा प्रणालीतच आला. या कप्प्यात ध्वनिमुद्रणाचे ॲप निराळे स्थापावे लागते. ते घरच्या कप्प्यातून चालविले, तर कप्पा असूनही फीत घरच्या साठ्यातच पडते.

तिसरा मार्ग केवळ शिस्तीचा. छायाचित्रांचा आपोआप होणारा बॅकअप क्षेत्रकार्याच्या काळात बंद ठेवणे, नवा संपर्क जतन करताना तो कोणत्या खात्यात जात आहे हे पाहणे, आणि व्हॉट्सॲपवरील माध्यमे फोनच्या चित्रसंग्रहात आपोआप उतरू न देणे, या तीन गोष्टींनी वर वर्णिलेल्या गळतीचा मोठा भाग थांबतो. यात कळफलकाचाही विचार करावा. कळफलक वारंवार टंकलेले शब्द लक्षात ठेवून पुढे सुचवितो. निवेदकांची नावे, गावांची नावे आणि बोलींतील शब्द संशोधनाच्या नोंदींतून त्याच्या स्मरणात जातात, आणि घरच्या निरोपात अनपेक्षितपणे वर येतात. शिकलेले शब्द पुसण्याची सोय कळफलकांत बहुधा असते. ती क्षेत्रकार्याच्या शेवटी आठवणीने वापरावी.

व्हॉट्सॲपचा उल्लेख स्वतंत्रपणे करावयास हवा. कारण आपल्याकडील शैक्षणिक कामकाजाचा फार मोठा भाग तेथेच चालतो. तेथील खाते ई-मेलशी नव्हे, तर दूरध्वनी क्रमांकाशी जोडलेले असते. त्यामुळे एका क्रमांकावर मामेभावंडांचा गट, पदव्युत्तर वर्गाचा गट आणि परीक्षा समितीचा गट ही सर्व एकाच यादीत खालीवर दिसतात. २०१८ मध्ये ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे वेगळे ॲप आले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइडवर एकाच ॲपमध्ये दोन खाती चालविण्याची सोय जाहीर झाली. दोन सिमकार्डांचे फोन आपल्याकडे सर्रास असल्याने दुसरा क्रमांक कामासाठी राखून ठेवणे कठीण नाही. ज्या अध्यापकाने अशी व्यवस्था केली, त्याच्या विद्यार्थ्यांस त्याचा खासगी क्रमांक ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. आणि विद्यार्थिनींच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांचा क्रमांक वर्गातील प्रत्येकाच्या हाती पडू नये, ही अपेक्षाही तितकीच महत्त्वाची आहे.

८. खाते बंद होते तेव्हा

पृथक्करणाचा खरा कस लागतो तो संबंध संपताना. विद्यापीठीय खाते हे विद्यापीठाचे असते. पदवी मिळाल्यावर किंवा निवृत्तीनंतर ते बंद होऊ शकते. गूगलने शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद साठा दिला होता. २०२२ पासून त्याऐवजी संपूर्ण संस्थेस मिळून १०० टेराबाइटची मूळ मर्यादा लागू झाली. परिणामी जुनी खाती बंद करण्याकडे वा त्यांचा साठा मर्यादित करण्याकडे संस्थांचा कल वाढणे स्वाभाविकच होते. ज्याने बँकेचा व्यवहार, पारपत्राचा अर्ज किंवा घरची छायाचित्रे विद्यापीठीय खात्यास जोडून ठेवली असतील, त्याची अशा वेळी तारांबळ उडते. याच्या उलट अवस्था विभागाच्या दृष्टीने अधिक हानिकारक आहे. संशोधनसामग्री विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्यात असेल, तर विद्यार्थ्याबरोबर ती सामग्रीही निघून जाते, आणि निवेदकास दिलेल्या शब्दाचे पालन करण्यास कोणी उरत नाही.

मिश्रण झाल्यानंतर मागाहून वाटणी करणे किती अवघड असते, याचे सुपरिचित उदाहरण अमेरिकेतील आहे. हिलरी क्लिंटन २००९ ते २०१३ या काळात परराष्ट्रमंत्री असताना त्यांनी सरकारी पत्रव्यवहारासाठी खासगी सर्व्हरवरील ई-मेल वापरला. ही गोष्ट मार्च २०१५ मध्ये सार्वजनिक झाली. त्यापूर्वी, डिसेंबर २०१४ मध्ये, सुमारे ३०,००० पत्रे कामकाजाची म्हणून परराष्ट्र खात्याच्या स्वाधीन करण्यात आली होती, आणि जवळजवळ तितकीच पत्रे खासगी म्हणून वेगळी काढून पुढे नष्ट करण्यात आली. वादाचा मुद्दा असा झाला, की कोणते पत्र खासगी आणि कोणते सरकारी हे ठरविणार कोण? जिचा व्यवहार तपासावयाचा, तिच्याच बाजूने ही निवड झाली. हेतू शुद्ध असला, तरी अशा निवडीवर इतरांचा विश्वास बसणे कठीण असते. आधी दोन खाती असती, तर हा प्रश्नच उद्‌भवला नसता.

९. कायद्याची बाजू

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन ते टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. या अधिनियमात संशोधन, अभिलेखन व सांख्यिकी यांसाठी सूट ठेवलेली आहे; परंतु ती निरपवाद नाही. त्या माहितीच्या आधारे त्या व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये, आणि विहित मानकांचे पालन व्हावे, अशा तिच्या अटी आहेत. जी सामग्री कोणत्या खात्यात आहे हेच संशोधकास ठाऊक नाही, तिच्याबाबत मानकांचे पालन झाले असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ सोयीचा राहत नाही.

वेळेच्या सीमेचाही कायद्याने विचार होऊ लागला आहे. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून मुक्त राहण्याच्या हक्कासंबंधीची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ पासून आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी या आशयाचे खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

१०. मर्यादा

पृथक्करणाच्या तांत्रिक उपायांस काही मर्यादा आहेत, हे शेवटी नमूद केले पाहिजे. कप्पे दोन असले, तरी जाळे एकच असू शकते. विद्यापीठाच्या वायफायवरून कोणत्या संकेतस्थळांशी संपर्क झाला, हे जाळ्याच्या व्यवस्थापकास दोन्ही कप्प्यांबाबत कळण्याचा संभव असतो. पडद्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनने घेता येते. पुढे धाडलेला निरोप परत बोलाविता येत नाही. आणि सर्वांत मोठी मर्यादा मनुष्यस्वभावाची आहे. विभागप्रमुखांनी रात्री अकरा वाजता खासगी क्रमांकावरच काम सांगितले, तर विद्यार्थ्याने राखलेला स्वतंत्र कप्पा निरुपयोगी ठरतो. सीमा एकट्याने पाळता येत नाही; ती दोन्ही बाजूंनी मान्य व्हावी लागते. ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याच्यावर ती पाळण्याची जबाबदारीही अधिक असते.

यासाठी विभागाच्या पातळीवर चार गोष्टींचा निर्णय क्षेत्रकार्याचा आरंभ होण्यापूर्वीच व्हावा, हे इष्ट होय. ध्वनिमुद्रण कोणत्या यंत्रावर होईल. त्याची मूळ प्रत कोणत्या खात्यात राहील. विद्यार्थी विभाग सोडून गेल्यावर ती कोण सांभाळील. आणि निवेदकाने आपली सामग्री काढून टाकण्यास सांगितले, तर ती कोठकोठून काढावी लागेल. या चार प्रश्नांची उत्तरे संमतीपत्रावरच दोन ओळींत लिहिता येतात, आणि ती निवेदकास त्याच्या बोलीत समजावूनही सांगता येतात.

शेताची वाटणी भाऊबंदकीचा वाद पेटल्यानंतर करण्यापेक्षा वडीलधाऱ्यांच्या समक्ष, सलोखा असताना करावी, हे खेड्यातील शहाणपण आहे. खातेफोडीस लागणारा कागद तोच असतो; फरक पडतो तो वेळेचा. बोलीचा नमुना देणाऱ्या वृद्ध निवेदकास फोनमधील कप्पे ठाऊक नसतात आणि ते ठाऊक असावेत अशी अपेक्षाही नाही. त्याने विश्वास ठेवलेला असतो तो समोर बसलेल्या विद्यार्थ्यावर आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या विभागावर. त्या विश्वासाचे खाते कोणत्या कप्प्यात आहे, हे सांगता येणे एवढे तरी संशोधकाकडून अपेक्षित आहे.